उमेदवाराला हेही विचारा

(पुण्यात तरुण कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर)



मला 'मुस्लिम तरुण आणि निवडणूक' असा विषय दिला होता. तो फार मोठा आहे आणि त्यावर माझ्यापेक्षा जाणकार माणसं इथे बसली आहेत. मी त्यातला एक लहान तुकडा घेणार आहे, कारण तो मी स्वतः हाताने केलेला आहे. मी सॉफ्टवेअरमधला माणूस, खराडीला नोकरी करतो. २०२४च्या विधानसभा निवडणुकीत आम्ही सहा-सात जणांनी पुणे शहरातले आठ मतदारसंघ घेतले आणि तिथले प्रमुख उमेदवार एलजीबीटी लोकांच्या प्रश्नांवर कुठे उभे आहेत, हे तपासून त्याचा तक्ता तयार केला. पैसे नाहीत, ऑफिस नाही, पक्ष नाही. शनिवार-रविवार आणि रात्री दहानंतरचा वेळ.

विषय ऐकल्याबरोबर मागच्या रांगेत काहीजण एकमेकांकडे बघून हसलेत, ते मला दिसलं. ठीक आहे. माझ्या घरीही हसले होते. मोठ्या भावाने तर सरळ विचारलं, "अपने मसले कम हैं क्या?" आपल्याला घर मिळत नाही, नोकरीच्या मुलाखतीत आडनाव ऐकून चेहरा बदलतो, २८८ आमदारांत आपले दहा निवडून आले; आणि तू दुसऱ्यांचं काय घेऊन बसलास? प्रश्न रास्त आहे. उत्तर एका वाक्यात देता येत नाही, म्हणून थोडं फिरून येतो.

आधी ही कल्पना आली कुठून ते सांगतो. अमेरिकेत टेक्सासमध्ये ह्यूस्टन नावाचं शहर आहे. तिथे १९७५ साली समलिंगी नागरिकांनी एक राजकीय मंडळ काढलं. त्या काळात टेक्सासच्या कायद्याने समलिंगी संबंध हा गुन्हा होता. मंडळाची पद्धत साधी होती. उमेदवाराला लेखी प्रश्नावली पाठवायची, मग स्वयंसेवकांनी समोर बसवून मुलाखत घ्यायची आणि शेवटी सभासदांनी मतदान करून पाठिंबा कुणाला ते ठरवायचं. त्या पाठिंब्यावर १९८१ साली कॅथी व्हिटमायर महापौर झाल्या. मग फटकाही बसला. महापालिकेच्या नोकरीत समलिंगी माणसावर अन्याय होऊ नये असा नियम १९८४ मध्ये झाला आणि जानेवारी १९८५च्या जनमतात लोकांनी तो प्रचंड बहुमताने उडवला. त्याच वर्षी या लोकांच्या विरोधात एक आख्खं पॅनेल निवडणुकीत उतरलं. पण व्हिटमायर पुन्हा निवडून आल्या आणि मंडळ बंद पडलं नाही. पुढे त्या मंडळाच्या अध्यक्ष राहिलेल्या ॲनीस पार्कर २००९ साली त्याच शहराच्या महापौर म्हणून निवडून आल्या. चौतीस वर्षं प्रश्नावल्या पाठवत राहणं, ही गोष्ट मला त्या निकालापेक्षाही मोठी वाटते.

आपल्याकडे २०१९च्या लोकसभा निवडणुकीच्या वेळी 'पिंक लिस्ट इंडिया' नावाचा प्रयत्न तरुणांनी केला. कोणता राजकारणी या प्रश्नावर काय बोललाय याची नोंद एका जागी ठेवायची, एवढंच काम. त्यातले एक संस्थापक अनिश गवांदे पुढे २०२४ मध्ये राष्ट्रवादी काँग्रेस शरदचंद्र पवार पक्षाचे राष्ट्रीय प्रवक्ते झाले. आम्ही जे केलं ते याच जातीचं होतं, फक्त फार लहान, गल्लीतलं.

आता काम कसं चालतं. उमेदवार अर्जासोबत प्रतिज्ञापत्र देतो. त्यात मालमत्ता, कर्ज, शिक्षण, गुन्हे सगळं असतं. मतं नसतात. म्हणजे तुमच्या आमदाराकडे किती तोळे सोनं आहे ते तुम्हाला कळतं; पोलिसांनी रस्त्यावर तृतीयपंथी माणसाला बदडलं तर तो फोन उचलेल की नाही, ते कळत नाही. ते शोधावं लागतं. सभागृहात विचारलेले प्रश्न, भाषणं, जाहीरनामा, मुलाखती आणि सरळ आम्ही पाठवलेले प्रश्न.

सभागृहातल्या नोंदीतही मेख आहे. १८ डिसेंबर २०१५ला शशी थरूर यांनी लोकसभेत कलम ३७७ बदलण्याचं खासगी विधेयक मांडायला परवानगी मागितली. मतविभागणी झाली आणि ७१ विरुद्ध २४ अशी ती मागणी फेटाळली गेली. आकडा आहे, नोंद आहे. उलट तृतीयपंथी व्यक्तींच्या हक्कांचं विधेयक लोकसभेत मंजूर झालं ते ५ ऑगस्ट २०१९ला. तारीख आठवली? त्याच दिवशी काश्मीरचं ३७० चाललं होतं. त्या गोंधळात आवाजी मतदानाने विधेयक पास झालं. आवाजी मतदानात तुमचा खासदार 'हो' म्हणाला, 'नाही' म्हणाला की कँटीनमध्ये होता, काहीच कळत नाही.

प्रश्न तयार करायला आम्हाला सगळ्यात जास्त वेळ लागला. पहिला मसुदा एका मित्राने केला, त्यात प्रश्न होता, "तुमचा एलजीबीटी समाजाला पाठिंबा आहे का?" असल्या प्रश्नाला सगळे हो म्हणतात. "तुमचा मुस्लिम समाजाला पाठिंबा आहे का?" विचारून बघा, कोण नाही म्हणेल? म्हणून आम्ही ठरवलं की प्रश्न असा हवा, ज्याचं उत्तर देताना माणसाला काहीतरी पक्कं बोलावं लागेल.

उदाहरण देतो. १ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली. जुन्या कायद्यात ३७७ होतं. सर्वोच्च न्यायालयाने ६ सप्टेंबर २०१८ला त्यातला दोन प्रौढांच्या संमतीने होणाऱ्या संबंधांचा भाग गुन्ह्यातून काढला, पण जबरदस्तीचा भाग ठेवला होता. नव्या संहितेत ते कलमच नाही. बलात्काराचं कलम स्त्रीपुरतं आहे. मग एखाद्या प्रौढ पुरुषावर किंवा तृतीयपंथी व्यक्तीवर बलात्कार झाला तर पोलीस नेमकं काय लावणार? २०१९च्या तृतीयपंथी हक्क कायद्यात लैंगिक अत्याचाराला शिक्षा आहे सहा महिने ते दोन वर्षं. बाईवर बलात्कार केला तर किमान दहा वर्षं. हाच प्रश्न आम्ही उमेदवारांना विचारला: ही पोकळी भरून काढण्यासाठी तुम्ही काय कराल? एक उमेदवार स्वतः वकील होते. त्यांनी दोनदा विचारलं, "खरंच कलम नाही?" मग कुणालातरी फोन लावला. फोन ठेवल्यावर म्हणाले, "हे मला कुणी सांगितलंच नव्हतं." आमच्या तक्त्यात त्यांचं उत्तर गेलं ते असं: दुरुस्तीची मागणी करीन, लेखी. एका प्रश्नामुळे एक वकील कायदा वाचायला बसला. मला तेवढ्यावर आठवडाभर झोप चांगली लागली.

दुसरा प्रश्न शिधापत्रिकेचा. समलिंगी विवाहाला मान्यता देण्याची मागणी सर्वोच्च न्यायालयाने १७ ऑक्टोबर २०२३ला नाकारली. पण एकत्र राहणाऱ्यांच्या रोजच्या अडचणी बघायला समिती नेमा, यावर केंद्र सरकार राजी झालं. त्यातून २०२४ मध्ये केंद्राने राज्यांना कळवलं की अशा जोडीदारांना शिधापत्रिकेपुरतं एकाच घरातलं धरावं. रेशन देतं राज्य. म्हणजे हा आमदाराचा विषय आहे. तिसरा प्रश्न पोलीस भरतीचा. तृतीयपंथी उमेदवाराला अर्जात पर्याय मिळावा यासाठी डिसेंबर २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाला राज्य सरकारला सुनवावं लागलं होतं. नोकरीत समांतर आरक्षण हवं की नको? कर्नाटकाने २०२१ मध्ये एक टक्का दिलं. हो की नाही ते सांगा.

यात एकही प्रश्न असा नाही की "हे तुम्हाला पटतं का?" तो आम्ही जाणूनबुजून ठेवला नाही. आणि इथे मी तुमच्या मनातल्या प्रश्नावर येतो. चहाच्या वेळी मला दोघांनी विचारलंच. "भाई, दीन में तो ये..." मी आलिम नाही. मी इंजिनिअर आहे. दीन काय म्हणतो यावर मी मंचावरून बोलणार नाही. ते ज्याने त्याने आपल्या अभ्यासाने, आपल्या जबाबदारीवर बघावं. मी नागरिकाबद्दल बोलतोय. ज्याचं वागणं तुम्हाला पटत नाही त्यालाही रेशन मिळालं पाहिजे, त्याला मारलं तर गुन्हा नोंदला पाहिजे. हे मान्य करायला कुणाला फतवा लागत असेल तर मग आपण संविधानाचं नाव घेणं थांबवू या. शेजाऱ्याला आपला नमाज पटला पाहिजे अशी आपली अट आहे का? नाही. त्याने आपल्याला सोसायटीतून काढू नये, एवढीच आहे.

आणि हे एकमेकांत किती गुंतलंय ते बघा. २०१३ साली सर्वोच्च न्यायालयाने ३७७ कायम ठेवलं, तेव्हा एक मुद्दा असा मांडला गेला की हे लोक देशाच्या लोकसंख्येत अगदीच मूठभर आहेत. त्या खटल्यात ३७७ राहावं म्हणून उभ्या असलेल्या पक्षांमध्ये मुस्लिम पर्सनल लॉ बोर्डही होतं. म्हणजे अल्पसंख्याकांच्या नावाने बोलणारी संघटना ज्या बाजूला उभी होती, त्या बाजूचा निकाल 'तुम्ही थोडे आहात' या मुद्द्याचा आधार घेत होता. हे मला आजही समजत नाही. २०१८च्या निकालाने तो मुद्दा खोडला: हक्क डोकी मोजून ठरत नाहीत, बहुसंख्यांच्या नैतिकतेपेक्षा संविधानाची नैतिकता मोठी. महाराष्ट्रात साडेअकरा टक्के असलेल्या आपल्याला हे वाक्य कुणापेक्षाही जास्त कामाचं आहे.

अमेरिकेतलं आणखी एक गाव सांगतो, कारण तिथे आपण खुर्चीवर होतो. मिशिगनमध्ये डेट्रॉइटला लागून हॅमट्रॅमक आहे. एकेकाळी पोलिश लोकांची वस्ती. मग यमनी, बांगलादेशी कुटुंबं आली. २००४ मध्ये मशिदीतून लाऊडस्पीकरवर अजान द्यायची परवानगी तिथल्या परिषदेने दिली. विरोध झाला, प्रकरण मतदानाला गेलं आणि परवानगी टिकली. तेव्हा आपली माणसं तिथे बहुसंख्य नव्हती. दुसऱ्यांनी साथ दिल्याशिवाय ते शक्य नव्हतं. २०२१च्या निवडणुकीनंतर परिषदेचे सगळे सदस्य मुस्लिम आणि महापौरही मुस्लिम, अशी ती बातमी जगभर गाजली, आपल्या ग्रुपवरही फिरली होती. जून २०२३ मध्ये त्याच परिषदेने महापालिकेच्या जागांवर प्राइडचा झेंडा लावायला मनाई करणारा ठराव एकमताने केला. ज्यांनी अजानच्या वेळी साथ दिली होती त्यांनी उघड सांगितलं की आमचा विश्वासघात झाला. झेंडा ही छोटी गोष्ट आहे, मान्य. पण आपण थोडे असताना जे मागतो ते आपण जास्त झाल्यावर देतो का, याची परीक्षा रोज कुठे होते? तिथे झाली. निकाल मला आवडला नाही.

बरं, पुण्यात परत येऊ.

एका मोठ्या पक्षाच्या उमेदवाराच्या संपर्क कार्यालयात गेलो. साहेब दौऱ्यावर. कार्यकर्ता भला होता, म्हणाला, "दादांचं काम चांगलं आहे त्यांच्यात. दिवाळीला साड्या वाटल्या, फोटो आहेत." मोबाईल काढून फोटो दाखवले. माझ्या डोळ्यांसमोर आपला इफ्तार आला. गोल टोपी, खजूर, फोटो. दुसऱ्या दिवशी वस्तीतली गटार तशीच. आम्ही साड्यांसाठी रकाना ठेवला नव्हता. कार्यकर्त्याला ते फार लागलं, पण इलाज नाही.

दुसरे एक उमेदवार आपल्यातले. चहा पाजला, खारी दिली, बाजूला बसवलं. म्हणाले, "बेटा, नाव काय? कुणाचा?" सांगितलं. मग हळू आवाजात: "माझ्या भागातल्या तृतीयपंथीयांना पोलीस उचलतात तेव्हा रात्री दोन वाजता मीच चौकीत जातो. पण हे लिहू नकोस. जुम्म्याला लोक मला विचारतील." आम्ही लिहिलं नाही. शब्द दिला की दिला. त्यामुळे तक्त्यात त्यांच्या नावापुढे 'मौन' आलं, आणि साड्यावाल्या दादांच्या पुढेही 'मौन'. दोघांत जमीन-अस्मानाचा फरक आहे, हे मला ठाऊक आहे. पण आम्ही मनं मोजत नव्हतो. जाहीर भूमिका मोजत होतो, कारण उद्या त्यांना धरून विचारायला जाहीर तेवढंच उपयोगी पडतं.

'मौन' हा आमचा एक रकाना. 'स्पष्ट पाठिंबा', 'अर्धवट', 'विरोध' हे बाकीचे. आणि 'माहिती नाही' हा वेगळा. प्रोग्रामिंग करणाऱ्यांना कळेल, रिकामी जागा आणि शून्य एक नसतं. तीनदा विचारलं, पोच आहे, उत्तर दिलं नाही, ते मौन. आम्ही पोचलोच नाही, ती रिकामी जागा, आणि तिचा दोष उमेदवाराचा नाही. हे वेगळं ठेवलं नाही तर अपक्ष, लहान पक्षाचे, ज्यांच्याकडे फोन उचलायला माणूस नाही, ते सगळे 'वाईट' दिसतात आणि ज्यांच्याकडे जनसंपर्कवाली एजन्सी आहे ते 'चांगले'. प्रत्येक उमेदवाराचा कागद दोघांनी वेगवेगळा वाचायचा. एकमत झालं नाही तर तिसऱ्याने बघायचं. व्हिडिओ तुकड्यात बघायचा नाही, पूर्ण बघायचा. तुम्हाला काय सांगू, प्रचारसभांचे पूर्ण व्हिडिओ बघणं ही शिक्षा आहे. सत्कारच चाळीस मिनिटं.

आणि एक नियम अगदी पहिल्या दिवशी लिहून काढला होता. उमेदवाराच्या स्वतःच्या खासगी आयुष्याबद्दल काहीही नोंदायचं नाही. प्रचार तापल्यावर आमच्याकडे निरोप आले, "तो अमुक स्वतःच तसला आहे, टाका ना." निरोप पुसून टाकले. ज्या लोकांच्या हक्कासाठी काम करायचं त्यांच्यातल्याच कुणाला भरचौकात उघडं पाडायचं, हे आमच्याकडून होणार नव्हतं.

सगळ्यात अवघड प्रसंग वेगळाच आला. एक उमेदवार. आमच्या बहुतेक प्रश्नांना त्याने लेखी, नेमकी, चांगली उत्तरं दिली. आणि हाच माणूस सभेत आपल्याबद्दल काय बोलतो तेही मी पूर्ण व्हिडिओत ऐकलं होतं. त्याच्या भाषणात आपण पाहुणे होतो, फार दिवस राहिलेले. टीममध्ये मी एकटा मुस्लिम. माझा सहकारी, जो स्वतः समलिंगी आहे, म्हणाला, "याला आपण चांगला शेरा द्यायचा नाही." तो माझ्या बाजूने भांडत होता आणि मी त्याच्या विरुद्ध! मी म्हणालो, तक्ता जे तपासतो तेच लिहायचं. आज माझ्यासाठी एकाचा शेरा बदलला तर उद्या जातीसाठी दुसऱ्याचा बदलशील, मग हा कागद कोण वाचेल? बरीच रात्र झाली. शेवटी तक्त्याच्या वर ठळक ओळ घातली: इथे फक्त एवढ्या प्रश्नांवरची भूमिका तपासली आहे, बाकी उमेदवार कसा आहे ते तुम्ही बघा. आणि त्याच्या नावापुढे 'स्पष्ट पाठिंबा' मी माझ्या हाताने भरलं. मत अर्थातच दिलं नाही.

पक्षांबद्दल एक गोष्ट सांगून टाकतो, कारण आपल्याला वाटतं अमुक पक्ष म्हणजे उदार आणि अमुक म्हणजे कर्मठ. विवाहाच्या खटल्यात २०२३ मध्ये केंद्राने राज्यांची मतं मागवली होती. विरोध कळवला आसामने, आंध्रने आणि राजस्थानने. आसामात भाजप, आंध्रात वायएसआर काँग्रेस, राजस्थानात काँग्रेस. महाराष्ट्राने वेळ मागितला. आणि त्याच काँग्रेसने २०२४च्या जाहीरनाम्यात नागरी सहजीवनाला मान्यता देणारा कायदा आणू असं लिहिलं. आपल्या राज्यातल्या सुप्रिया सुळे यांनी १ एप्रिल २०२२ला विशेष विवाह कायद्यात बदल करणारं खासगी विधेयक लोकसभेत मांडलं. म्हणून पक्षाच्या चिन्हावरून रकाना भरायचा नाही, माणसागणिक विचारायचं.

यामुळे कुणी निवडून आलं किंवा पडलं का? नाही. या प्रश्नावर कुणी मत देत नाही, हे मला दारोदार फिरल्यावर नीट कळलं. २०११च्या जनगणनेत महाराष्ट्रात 'इतर' लिंगाची नोंद ४०,८९१ होती. २०२४च्या मतदार यादीत तृतीयपंथी म्हणून नाव असलेले सहा हजारांच्या आसपास. बाकीचे कुठे गेले? कागद नाही, पत्ता नाही, घरच्यांनी नाव काढलेलं. कागदासाठी रांगेत उभं राहणं म्हणजे काय ते या हॉलमध्ये कुणाला समजावून सांगायची गरज नाही.

तरी काही दारं उघडतायत. जळगावच्या भादली बुद्रुकच्या अंजली पाटील यांचा ग्रामपंचायतीचा अर्ज बाद झाला, त्या औरंगाबाद खंडपीठात गेल्या, महिला म्हणून लढायची परवानगी मिळवली आणि जानेवारी २०२१ मध्ये निवडून आल्या. वंचित बहुजन आघाडीने दिशा पिंकी शेख यांना प्रवक्ता केलं, आणि गेल्या विधानसभेला शमिभा पाटील यांना रावेरमधून उमेदवारी दिली. यांच्यावर आम्ही प्रश्नावली पाठवायची वेळ राहिली नाही, त्याच आता इतरांना प्रश्न विचारतायत.

पुण्यात मार्च २०२२ नंतर काही वर्षं नगरसेवक नव्हते. महापालिकेच्या निवडणुकीत हे काम जास्त खरं आहे. सार्वजनिक शौचालयात कुणी कुठे जायचं, रात्र निवाऱ्यात तृतीयपंथी माणसाला जागा आहे का, महापालिकेच्या दवाखान्यात केसपेपर काढताना कारकून काय बोलतो, शाळेत बायल्या म्हणून छळल्या जाणाऱ्या पोराकडे मुख्याध्यापक बघतात का. ही यादी करताना मला सारखं आपल्या मोहल्ल्यातलं कुणी ना कुणी आठवत होतं. तुम्हालाही आठवेल.

आम्हाला माणसं हवी आहेत. उर्दू वर्तमानपत्रं रोज वाचणारे दोघे, कारण उमेदवार मराठीत एक बोलतात आणि उर्दूत दुसरं. तिसरा माणूस जुन्या सर्वसाधारण सभांची इतिवृत्तं वाचायला. त्याला चहा आम्ही पाजू. आणि एक मुलगी, उमेदवाराच्या कार्यालयात न घाबरता तिसऱ्यांदा जाऊन "उत्तर अजून आलं नाही" असं म्हणू शकेल अशी. चौथ्या रांगेत एक हात वर दिसतोय, तुम्ही जाताना नंबर देऊन जा. बाकीच्यांनी आता प्रश्न विचारा, हसणाऱ्यांनी आधी.